आपल्या लेकरांसाठी इंग्लंडमध्ये दारे ठोठावली जातात. आपण कुठे आहोत?

मागच्या महिन्यात नवलाख उंबरेच्या वस्तीत आमची बैठक झाली. विषय एका मुलीचा होता. पोरगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आहे आणि तिला पुण्यात नर्सिंगला जायचे आहे. प्रवेश मिळेल, शिष्यवृत्तीही मिळेल. पण शिष्यवृत्ती खात्यावर पडेपर्यंत वर्ष सरत येते. खोलीचे भाडे, मेस, पुस्तके, लोकलचा पास हे सगळे मात्र पहिल्या महिन्यापासून लागते. बाप एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली, आई हाउसकीपिंगला. घरात शिल्लक नावाची गोष्ट नाही.

कुणीतरी माहिती आणली होती. परदेशात एक छोटी संस्था आहे, चार-पाच स्वयंसेवक मिळून चालवतात, गरीब देशांतल्या मुलांच्या शिक्षणाला पैसे देतात. मुलीचा फोटो, घराचा फोटो आणि घरच्या गरिबीची हकिगत लिहून पाठवली तर वर्षाचा खर्च सुटेल. पाठवायची का?

दोन तास वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे की आपण बाबासाहेबांची लेकरे आहोत, मागतकरी नाही. गोऱ्यांपुढे हात पसरून शिकायचे असेल तर महारकी सोडली कशाला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की स्वाभिमानाने मेसचे बिल भरता येत नाही. पैसा कुठूनही येवो, पोरीचे वर्ष वाया जाता कामा नये. दोन्हीकडून बाबासाहेबांचे दाखले दिले गेले. शेवटी मागे बसलेली एक आजी उठली आणि म्हणाली, "तुमचं ठरंस्तोवर पोरीचं लगीन ठरंल."

त्या वाक्याने बैठक गप्प झाली, आणि हा लेख त्या शांततेतूनच आला आहे. हा प्रश्न एका वस्तीचा नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे आपली अभ्यासिका आहे, वसतिगृह आहे, विहारातला संध्याकाळचा वर्ग आहे, तिथे तिथे तो कधी ना कधी येतोच. परक्या देशातल्या अनोळखी माणसाचा पैसा आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी घ्यावा का? आमचे उत्तर आधीच सांगतो. मदत घेण्यात अपमान नाही. पिढ्यान्‌पिढ्या घेणाराच राहणे, हा अपमान आहे.

आधी इतिहास पाहू, कारण 'परदेशी पैसा नको' म्हणणाऱ्यांना तो अर्धाच आठवतो. जोतिबा फुले शिकले ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. ती शाळा पेशव्यांच्या दक्षिणेवर चालत नव्हती; सातासमुद्रापार राहणाऱ्या लोकांच्या वर्गणीवर चालत होती. मुलींची शाळा कशी चालते हे जोतिबांनी पाहिले ते अहमदनगरला, अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे. म्हणजे ज्या विद्येने ब्राह्मणी मक्तेदारीला पहिला सुरुंग लावला, तिच्या वातीला परदेशी वर्गणीचेही तेल होते. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे जोतिबांना कळत नव्हते असे नाही. त्यांनी विद्या घेतली, पण बुद्धी गहाण ठेवली नाही. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती स्वतःची, स्वतःच्या विचाराची.

आता बाबासाहेब. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या पैशाला अट होती: परत येऊन बडोद्याच्या नोकरीत दहा वर्षे काढायची. अट पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला गेले. तिथे काय झाले हे प्रत्येक आंबेडकरी घरातल्या पोराला माहीत आहे. कचेरीत शिपाई फायली दुरून फेकत, राहायला जागा मिळेना, पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. महाराजांची दानत मोठी होती, पण महाराजांच्या राज्यातली जात त्याहून मोठी निघाली. यातून बाबासाहेबांनी 'यापुढे कुणाची मदत घ्यायची नाही' असा निष्कर्ष काढला नाही. १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. या वेळी पैसा वेगळा होता. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज. पहिल्या वेळी एका राजाची शिष्यवृत्ती आणि तिच्या गळ्यात बंधपत्र. दुसऱ्या वेळी स्वतःची कमाई पुढे, तिच्यामागे मित्राचे आणि हितचिंतकाचे बळ. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

परत आल्यावर त्यांनी काय केले? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. एका माणसाला मिळालेल्या शिष्यवृत्तीतून हजारोंच्या शिक्षणाची दारे उघडली. घेतलेले असे फेडायचे असते. सयाजीरावांना त्यांचे पौंड परत करून ते फिटत नाही. आपल्यामागून येणाऱ्याला देऊनच फिटते.

आता आपल्याच मावळातले उदाहरण घेऊ. लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला उतरले की भाजे लेणी. त्या लेण्यांच्या पायथ्याशी 'सद्धम्म प्रदीप' नावाचे शिबिर केंद्र आहे. आपल्यातले अनेक जण तिथे शिबिराला जाऊन आले असतील. तिथल्या सभागृहात बसताना किती जणांनी विचारले की हे कुणाच्या पैशातून उभे राहिले?

त्याची गोष्ट अशी. संघरक्षित हे इंग्रज भिक्खू बाबासाहेबांना भेटलेले होते. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा ते नागपुरात होते आणि शोकाने कोसळलेल्या समाजाला त्यांनी सभांमधून धीर दिला. पुढे त्यांनी लंडनमध्ये बौद्ध संघ स्थापन केला. त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये भारतात आले, नागपूरची धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी पाहून भारावले आणि पुण्यात राहूनच काम करायचे त्यांनी ठरवले. त्यातून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण आणि 'बहुजन हिताय' ही कामे उभी राहिली: दापोडीसारख्या झोपडपट्ट्यांत दवाखाने, बालवाड्या आणि पुढे खेड्यांतल्या मुला-मुलींसाठी वसतिगृहे.

या कामासाठी पैसा हवा होता. त्यासाठी १९८० मध्ये इंग्लंडमध्ये एक छोटी संस्था निघाली, 'एड फॉर इंडिया'. तीच पुढे 'करुणा ट्रस्ट' झाली. तिची पैसा जमवण्याची रीत ऐका. काही तरुण-तरुणी आपले रोजचे काम बाजूला ठेवून काही आठवडे एका घरात एकत्र राहायचे. दिवसा ध्यान, अभ्यास. संध्याकाळ झाली की इंग्लंडच्या थंडी-पावसात गल्लोगल्ली फिरायचे, अनोळखी दारावर थाप मारायची आणि सांगायचे: भारतात अस्पृश्यता नावाची गोष्ट आहे, तिच्याशी लढणारे लोक आहेत, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम द्याल का? एकदाची देणगी नव्हे, दर महिन्याला. बहुतेक दारे तोंडावर बंद व्हायची. काही उघडायची. एखादी निवृत्त शिक्षिका, एखादा बसचालक यांनी दिलेल्या थोड्याथोडक्या पौंडांतून आपल्याकडच्या कुठल्यातरी गावची मुलगी दहावी झाली.

या संघावर टीका झाली आहे आणि ती लपवायचे कारण नाही. संघरक्षितांच्या व्यक्तिगत वर्तनावर त्यांच्याच शिष्यांनी गंभीर आक्षेप घेतले. अत्याचाराच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरायची वेळ येते तेव्हा हा संघ ध्यानाला बसतो, असा आक्षेप आपल्या चळवळीत आहे, आणि आम्हालाही तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. पण दारावरच्या थापेचा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्यांनी महारवाडा कधी पाहिला नाही, जातीचा चटका ज्यांना कधी बसला नाही, ते आपल्या मुलांसाठी परक्याच्या दारात उभे राहिले. आपल्यातले किती जण आपल्याच मुलांसाठी आपल्याच सोसायटीतल्या आपल्याच माणसाच्या दारात उभे राहिले?

भाजे उतरून समोरच्या कार्ल्याच्या डोंगरावर चला. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण गर्दी एकवीरेला. मागे उभे असलेले चैत्यगृह भारतातल्या सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहांपैकी, दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरले आहे की कोणता खांब कुणाचे दान. अनेक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले आहेत. यवन, म्हणजे परदेशी मुळाचे म्हणून ओळखले जाणारे लोक. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. नहपानाचा जावई उषवदात आहे, त्याने अख्खे गाव दिले. आणि दाराशी नाव आहे सामि नावाच्या सुताराचे. सुगंधी द्रव्ये विकणारा एक गंधीही आहे. राजाचा जावई आणि सुतार एकाच लेण्यात, आणि सुताराचे नाव तितक्याच खोल कोरलेले.

आम्हाला हे लेणे म्हणजे दगडात कोरलेली जमाखर्चाची वही वाटते. तिच्यातून तीन गोष्टी शिकायच्या. एक, बाहेरच्याचे दान संघाने नाकारले नाही. दोन, ते एकट्या बाहेरच्याचे नव्हते. त्याच्या शेजारी आपल्या सुताराचाही वाटा होता. तीन, देणाऱ्याचे नाव कोरले गेले, घेणाऱ्याचा चेहरा नाही. कुठल्याही खांबावर 'या गरीब, उपाशी भिक्खूला मी जेवू घातले' असे लिहिलेले नाही.

या तिसऱ्या गोष्टीवरच आजच्या दानधर्माचे घोडे पेंड खाते. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका वस्तीवर शाळेची दप्तरे वाटायला एक संस्था आली होती. पाहुणे परदेशातून, व्यवस्थापक पुण्याचे. मुलांना उन्हात दीड तास रांगेत बसवले. प्रत्येकाच्या हातात पाटी दिली, पाटीवर देणगीदाराचे नाव आणि 'धन्यवाद'. ज्यांच्या पायात चप्पल होती त्यांना ती काढून ठेवायला सांगितले, फोटो 'बरा' यावा म्हणून. एका पोराने विचारले, "चप्पल का काढायची?" त्याला कुणी उत्तर दिले नाही. ज्या समाजाच्या आजोबांना गावात चपला हातात घेऊन चालावे लागले, त्याच्या नातवाला पुन्हा चप्पल काढायला लावणारे हे कसले दान? दप्तर तीनशे रुपयांचे असेल. त्याची किंमत त्या पोराने फोटोत भरली.

त्यांच्या पत्रकात नंतर काय छापून आले? 'गरीब व वंचित मुले'. जात कुठेच नाही. ही मुले गरीब का आहेत, त्यांच्या आजोबांकडे जमीन का नव्हती, वतनात त्यांच्या वाट्याला काय आले, एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदला कुणाला मिळाला आणि सातबाऱ्यावर नावच नसलेल्याला काय मिळाले, यातले काही नाही. जणू गरिबी पावसासारखी आभाळातून पडली. परदेशातल्या भल्या माणसाला जात दिसत नाही हा त्याचा दोष नाही. मधला माणूस ती दाखवत नाही, हा दोष आहे. आणि मधला माणूस बहुधा कोण असतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको. कधी काळी देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल बसला होता. आता देणगीदार आणि मूल यांच्यामध्ये बसला आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की कोणतीही मदत घेण्याआधी चार प्रश्न विचारा. पहिला, मुलाचा चेहरा मागतात का? मागत असतील तर नको म्हणा. गुणपत्रिका द्या, फीची पावती द्या, वर्षअखेरीस हिशेब द्या. उघड्या पायांचा फोटो देऊ नका. दुसरा, जातीचे नाव घ्यायची तयारी आहे का? ज्याला 'दलित', 'बौद्ध', 'कातकरी', 'ठाकर' हे शब्द आपल्या पत्रकात नकोत, त्याला आपला प्रश्न नको आहे, फक्त आपली गरिबी हवी आहे. तिसरा, निर्णय कोण घेणार? विश्वस्तांत आपली माणसे आहेत का, विशेषतः आपल्या बाया आहेत का, की आपण फक्त लाभार्थ्यांच्या यादीत? चौथा, हा पैसा उद्या बंद झाला तर काम चालेल का?

हा चौथा प्रश्न नवलाख उंबरेच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. परदेशी पैसा कसा येतो आणि कसा जातो हे या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. २००८ मध्ये जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना इथल्या एमआयडीसीत सुरू झाला. केवढा गाजावाजा! २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबले. हजारावर कामगार हक्कांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. नवी पाटी लागली, पण मधल्या वर्षांत घरे विस्कटली ती विस्कटलीच. दूरच्या शहरात एका टेबलावर निर्णय होतो आणि इथे चूल विझते. भांडवलाचे जे, तेच दानाचे. देणारा भला असला तरी दोरी त्याच्या हातात असते.

आणि दोरी फक्त देणाऱ्याच्याच हातात नसते. त्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, केंद्र सरकारने परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. आता परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. आलेला पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षे जुनी आणि त्या काळात पंधरा लाख रुपये कामावर खर्च केलेली हवी. याचा अर्थ वस्तीतल्या अभ्यासिकेला सरळ दार बंद. मोठी नोंदणीकृत संस्था पूर्वी आपल्या वाट्यातून खालच्या छोट्या संस्थेला देई, तेही बंद. पंधरा लाख खर्च करू शकणारी संस्था आपल्या किती तालुक्यांत आहे?

कार्यकर्त्यांनी यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण अज्ञानात भली माणसे अडकतात. 'अध्यक्षांच्या खात्यावर पाठवा, आपण अभ्यासिकेला वापरू' असे परदेशी माणसाला कधीही सांगू नका. त्याने काम आणि माणूस दोन्ही गोत्यात येतील. मात्र आपला एखादा भाऊ दुबईला किंवा लंडनला नोकरी करतो, त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तर तो पैसा या कायद्यात परदेशी देणगी धरला जात नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले की धरला जातो. हा फरक माहीत असू द्या आणि शंका असेल तिथे जाणकार सीएला विचारून पुढे जा.

इथे कुणी म्हणेल, हे सगळे सरकारचे काम आहे, आपण कशाला वर्गण्या गोळा करायच्या? बरोबर आहे, हे सरकारचेच काम आहे. संविधानाच्या कलम ४६ ने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. सरकारी वसतिगृह, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, स्वाधार योजना, परदेशात शिकण्यासाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती हे आपले हक्क आहेत, कुणाचे उपकार नाहीत. त्यासाठी अर्ज करा, रक्कम अडली तर माहितीचा अधिकार वापरा, मोर्चा काढा. दानधर्म हा हक्काला पर्याय होता कामा नये. पण मोर्चा निघेपर्यंत मेसवाला थांबत नाही. हक्क मिळेपर्यंतचा जो काळ असतो, त्यातच आपली पोरे गळतात. तो काळ भरून काढणारा निधी समाजाचाच हवा.

बाबासाहेबांनी तो मार्ग सांगून ठेवला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा देण्याचा संकल्प करायला सांगितले होते. विसावा हिस्सा म्हणजे शंभरातले पाच. बावीस प्रतिज्ञा आपण भिंतीवर लावल्या. हा विसावा हिस्सा मात्र सोयीने विसरलो.

हिशेब मांडून पाहू. महिना वीस हजार कमावणाऱ्याचा विसावा हिस्सा एक हजार रुपये. दहा जण जमले तर महिना दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. एवढ्यात दोन मुलींची वर्षभराची खोली-मेस निघू शकते. आमच्या वस्तीत कमावते दहाहून अधिक आहेत. कंत्राटी कामगाराला ब्रेक मिळाला की त्या महिन्यात तो देऊ शकणार नाही, हे आम्हाला कळते. त्याच्याकडून पन्नास रुपयेही पुरेत. पण आरक्षणाच्या जोरावर अधिकारी, प्राध्यापक, इंजिनिअर होऊन पिंपरी-चिंचवडच्या टॉवरमध्ये गेलेल्यांचे काय? १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली ती कुणाबद्दल होती? ती आठवली की आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. आम्हीही या दोषातून सुटलेले नाही. हा लेख लिहिणाऱ्यांपैकी तिघांनी बैठकीच्या दिवसापर्यंत विसावा हिस्सा एकदाही दिलेला नव्हता. जयंतीच्या डीजेची वर्गणी मात्र दरवर्षी न चुकता दिली होती.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो, कारण आपल्या तरुणांना ती माहीत असायलाच हवी. हंगेरी देशात शायोकाझा नावाचे गाव आहे. तिथल्या रोमा समाजाला, ज्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेले, आजही वेगळे वर्ग, वेगळी वस्ती, वेगळी वागणूक मिळते. चांगल्या डोक्याच्या रोमा मुलांना मतिमंद ठरवून वेगळ्या शाळेत घातल्याबद्दल २०१३ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने हंगेरीला दोषी धरले. त्या समाजातले यानोश ओर्शोश आणि त्यांचे सहकारी तिबोर देर्दाक बाबासाहेबांचे चरित्र वाचून पेटले, महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या पाहून गेले आणि २००७ मध्ये त्यांनी 'जय भीम नेटवर्क' स्थापन करून डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली. मधेच शाळा सोडलेली रोमा पोरे तिथे परीक्षेची तयारी करतात आणि एकमेकांना 'जय भीम' म्हणतात.

विचार करा. इंग्लंडच्या गल्लीतून निघालेले पौंड आपल्यापर्यंत आले, तसा आपल्या बाबासाहेबांचा विचार हंगेरीच्या खेड्यापर्यंत गेला. जगाला देण्यासारखे आपल्याकडे काही आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? मग विचारच का, पैसाही का जाऊ नये? नवलाख उंबरेच्या अभ्यासिकेने एखाद्या वर्षी कायदेशीर मार्गाने त्या शाळेला चार पुस्तकांचे पैसे पाठवले, तर देणारे आणि घेणारे ही जगाने करून ठेवलेली वाटणीच मोडेल. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेली बुद्धमूर्ती रंगूनहून आलेली आहे. तिच्यापुढे आपण परकेपणाने उभे राहत नाही. धम्मात देश-परदेश नसतो, देण्याघेण्यातला हिशेब तेवढा चोख हवा.

बैठकीत शेवटी काय ठरले ते सांगतो. त्या संस्थेला आम्ही पत्र लिहिले. गरिबीची हकिगत नाही, फोटो नाही. मुलीची गुणपत्रिका, खर्चाचा तपशील आणि एक ओळ: 'निम्मा खर्च आमचा समाज उचलत आहे, उरलेला तुम्ही द्याल का?' उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तरी पोरगी कॉलेजात जाणार, कारण निम्मा निधी जमला आहे आणि उरलेल्यासाठी आम्ही दर रविवारी संध्याकाळी दोघा-दोघांच्या जोड्या करून निघतो. पहिल्या रविवारी तळेगावात सतरा दारे ठोठावली. अकरा जणांनी 'नंतर या' म्हटले. एका साहेबांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून पाऊण तास चळवळीच्या ऱ्हासावर भाषण दिले आणि पन्नास रुपये दिले. एका निवृत्त कामगाराने मात्र काही न बोलता दर महिन्याला पाचशे लिहून घ्यायला सांगितले. त्याचे नाव विहारातल्या फळ्यावर पहिले आहे. महिन्याचा जमाखर्च त्याच फळ्यावर, सगळ्यांना वाचता येईल असा. मुलीचे नाव कुठेही नाही. तिने अभ्यास करायचा, एवढेच तिचे देणे. आणि उद्या कमावती झाली की पहिल्या पगारातला विसावा हिस्सा.

तरुणांनो, तुमच्या वस्तीत असा फळा आहे का? नसेल तर या रविवारी खडू विकत घ्या. आणि आमची जोडी तुमच्या दारावर आली तर 'नंतर या' म्हणू नका. त्या आजीचे बोल लक्षात ठेवा: आपले ठरेस्तोवर पोरीचे लग्न ठरते.

जय भीम!